दोन ओंजळी गहू

"एवढीशी बाजरी, आणि नखरे मात्र पोतंभर गव्हाचे," कारखान्याच्या कॉलनीतल्या इंदुताई पुटपुटल्या.

पुटपुटल्या म्हणजे अशा, की पुढच्या बाईच्या कानात ते नीट पोचावं, पण तिला वळून काही म्हणता येऊ नये. पुढे मंजुळाबाई होती. तिला पोचलं. तिने डबा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला आणि दत्तोबाला दर खेपेला सांगायची तेच पुन्हा सांगितलं.

"बाजरीवरच टाका माझं. गव्हावर न्हाई."

"व्हय वयनी. ध्यानात हाय." दत्तोबाच्या भुवयांवर पिठाची साय धरलेली असायची, त्यामुळे तो कायम नवल केल्यासारखा दिसे. "किती डाव सांगाल? ठिवा डबा, सांजच्याला न्या."

कासारवाडीच्या फाटकाशी ही एकच गिरणी. पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू झाला, रानं गेली, रानाच्या मालकांना नोकऱ्या लागल्या, आणि भाकरी खाणाऱ्या घरांत रोजची चपाती आली. शिफ्टच्या सुट्टीत डबा उघडल्यावर भाकरी निघाली तर शेजारचा माणूस आदबीने दुसरीकडे बघे. त्यामुळे गिरणीत बायकांची नजर असायची ती गव्हावर. आपल्या गव्हात दुसऱ्याची बाजरी उतरली, चपाती काळी पडली, की भांडण ठरलेलं. उलटी तक्रार मात्र गिरणी बसल्यापासून कुणी केली नव्हती. बाजरीत थोडा गहू आला तर फायदाच की. मंजुळाबाई ही तशी तक्रार करणारी पहिली बाई, आणि म्हणून ती गिरणीतली करमणूक होती.

कारण सुभी. तिची मुलगी, वय सात. पोट नगाऱ्यासारखं, हातापायाच्या काड्या, आणि दिवसातून सहा वेळा परसाकडं. अंगारे झाले, काढे झाले, जंतांचं औषध तर तीनदा झालं. शेवटी मारुतरावांनी, म्हणजे मंजुळाबाईच्या नवऱ्याने, कारखान्यातल्या साहेबांची चिठ्ठी आणली आणि सगळी पुण्याला लहान मुलांच्या डॉक्टरकडे गेली. सोबत आत्याबाई, मंजुळाबाईची सासू, हातात लिंबू घेऊन. डॉक्टर विलायतेहून नुकते शिकून आलेले.

"हिला गहू सोसत नाही," ते म्हणाले. "चपाती, शिरा, लापशी, शेवया, बिस्कीट, काही नाही. बाजरी, ज्वारी, तांदूळ पोटभर द्या. गहू मात्र कणभरही नको. आणि हे जन्मभर."

"म्हंजी भाकरीच खायाची?" मारुतरावांना हसू आवरेना. एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या डॉक्टरकडे येऊन भाकरी लिहून मिळाली होती.

"भाकरीच. गेल्या लढाईत हॉलंडात पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुलं बरी झाली. पाव परत आला, तशी पुन्हा आजारी पडली. तिथून हे कळलं, आताच्या चारदोन वर्षांत." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "घरात आधी कुणा मुलाला असं झालं होतं का?"

मारुतराव खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायला लागले. आत्याबाईंनी हातातलं लिंबू या मुठीतून त्या मुठीत घेतलं.

"न्हाई," मंजुळाबाई म्हणाली.

ज्योतीरामाचं नाव त्या खोलीत निघालं नाही. सुभीचा थोरला भाऊ. चार वर्षांमागे, सहाव्या वर्षी, असंच पोट फुगून आणि असाच वाळून गेला होता. त्याचं नाव घरातही निघत नसे. डॉक्टरांनी कागदावर 'नाही' लिहिलं आणि घडी घालून दिली.

घरी परतल्यावर मंजुळाबाईला वाटलं होतं, पोरीवर पहारा ठेवावा लागेल. सात वर्षांचं पोर, शेजारी चपातीला गूळ लावून खातायत, किती दिवस थोपवणार? पण सुभी निघाली भलतीच. सत्यनारायणाचा शिरा तिने हातावर घेतला, कपाळाला लावला, आणि तस्साच नेऊन शेजारच्या वासराला घातला. शाळेत मास्तरणीने बिस्कीट दिलं तर म्हणाली, "मला इलायतेचा रोग हाय, मला चालत न्हाई," आणि अशा रुबाबात म्हणाली की दोन पोरींना तो रोग आपल्यालाही असावासा वाटला. दोन महिन्यांत पोट उतरलं. गालांवर हात फिरवला तर गाल लागायला लागले. दिवाळीत ती पहिल्यांदा लंगडी खेळली आणि तीन घरं जिंकून आली.

मग मार्गशीर्षात पुन्हा सुरू झालं. आधी दोनदा, मग चारदा. पोट पुन्हा वर आलं.

कुणीतरी गहू चारतंय. मंजुळाबाईच्या डोक्यात हे शिरलं आणि तिथेच बसलं. मारुतरावांच्या डब्यासाठी घरात गहू असायचाच. तिने गव्हाच्या पिठाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवली. आत्याबाईंकडे बघत अडकवली.

"मला ग कशाला दावतीस?" आत्याबाई म्हणाल्या.

मंजुळाबाईने पोत पदराआड केली. त्या दिवसापासून ती सासूशी बोललीच नाही. ताट पुढे सरकवायची, तेही भांड्याचा आवाज करून. मनातल्या मनात मात्र तिचं बोलणं अखंड चालू असे: सापडू दे, नुसती सापडू दे, पोरीला चारताना सापडू दे. बाहेरून कुणी म्हणालं असतं की बाई भारी शांत झाली. आत ती रोज एकाला तरी सुळावर देत होती.

सासू सापडेना, तेव्हा तिने सुभीला धरलं. भिंतीशी उभं केलं.

"खरं सांग. कुठं खाल्लीस?"

"न्हाई खाल्ली."

"कुनी दिली?"

"कुनी न्हाई. आई, ज्योतीदादाची शपथ."

त्या नावासरशी मंजुळाबाईचा हात उठला. पोर भिंतीवर आपटली आणि गालावर चार बोटं उमटली. सुभी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग कुनाची शपथ घिऊ?"

मंजुळाबाई चुलीपुढे जाऊन बसली. पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली. डोळे भरले होते म्हणून असेल, नजर कामात नव्हती, नुसते हात कामात होते. आणि हातांनाच ते आधी कळलं.

बाजरीचं पीठ तुटकं. त्याला कितीही मळा, ते ओढलं की मोडतं. भाकरी थापताना काठ चिरतात, ते बोटांनी सारखे बुजवावे लागतात. लग्न होऊन आल्यापासून तिने ते बुजवले होते. आणि गेले दोन महिने काठ चिरत नव्हते. भाकरी हाताखाली अशी सरसर मोठी व्हायची, की ती स्वतःवरच खूष होती. मारुतराव म्हणालेही होते, "हात बसला तुजा आता." तिने गोळा दोन्ही हातांत धरून ओढला. तो लांबला. तुटला नाही, लांबला.

तिने डब्यातलं कोरडं पीठ चिमूटभर तोंडात टाकलं आणि चघळत बसली. लहानपणी माहेरी, रावेतला, पोरंपोरी कच्चा गहू असा चघळून त्याचा चिकट गोळा करायची आणि पतंग चिकटवायची. बाजरी कितीही चघळा, तिचा गोळा होत नाही. तिच्या दाढेखाली गोळा झाला.

दुसऱ्या दिवशी तिने डबा गिरणीत ठेवला, नेहमीचं सांगितलं आणि नेहमीसारखी निघाली. फाटकापर्यंत गेली आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने परत आली. पत्र्याला तिथे एक भोक होतं. त्यातून तिने पाहिलं.

इंदुताईंचा गहू संपत आला होता. दत्तोबाने हात लांब करून मागचा डबा पुढे घेतला, तिचा. कोपऱ्यात त्याच्या स्वतःच्या घरचं पोतं होतं, त्यातून दोन्ही हातांची ओंजळ भरून गहू काढला आणि तिच्या बाजरीवर टाकला. पुन्हा एक ओंजळ. इकडेतिकडे पाहिलं, हाताने बाजरी खालीवर केली, आणि गव्हाच्या पाठोपाठ डबा गिरणीच्या तोंडात ओतला.

मंजुळाबाई पत्र्याला कपाळ लावून उभी राहिली. आत जाऊन त्याची मुंडी धरावी, असं हातांना झालं. पण ती गेली नाही. भांडण केलं की मन मोकळं होतं, आणि तिला मोकळं व्हायचं नव्हतं. सुभीच्या गालावरची चार बोटं तिला फेडून घ्यायची होती, आणि ती काही आरडाओरड्याने फिटणारी नव्हती.

संध्याकाळी तिने डबा आणला, पीठ म्हशीला घातलं, आणि माळ्यावरचं जातं खाली काढलं. आत्याबाई समोर येऊन बसल्या आणि खुंट्याला दुसरा हात घातला. मंजुळाबाईने त्यांनाही काही सांगितलं नाही. हे तिला एकटीला हवं होतं, पोराने लाडू लपवून ठेवावा तसं. जातं फिरायचं आणि ती आत आत विचार करायची, गिरणीवाल्याला दुखतं कुठं? पंधरा दिवसांत सुभीचं पोट उतरू लागलं. मंजुळाबाईचा राग काही उतरला नाही. उलट पोरीच्या गालांबरोबर तोही चांगला बाळसं धरू लागला.

फाल्गुनात शालनबाई, दत्तोबाची बायको, आमंत्रण घेऊन आली.

"आमच्या कुसुमला वाकडचं स्थळ आलंय. परवाच्याला सुपारी फोडायची. वीस मानसं येत्यात पोळ्या खायाला. मंजुळाबाई, कनिक तुमीच मळायची बरं का. तुमच्या हातासारखा हात न्हाई."

"येनार की," मंजुळाबाई म्हणाली. महिन्यादोनमहिन्यांत ती पहिल्यांदा हसली. आत्याबाईंनी ते हसणं पाहिलं आणि त्यांना ते बिलकूल आवडलं नाही.

त्या दुपारी तिने ज्वारी घेतली, पांढरीशुभ्र, टपोरी, आणि जात्यावर दळून दोनदा वस्त्रगाळ केली. गव्हाच्या पिठाशेजारी ठेवली तर देवालाही वेगळी करता आली नसती. देवाला नसती, पण पोळीला आली असती. पुरणाची पोळी म्हणजे सगळी कणकेच्या ताणाची करामत. तो ताण काढून घेतला की उरतं नुसतं पीठ. दत्तोबाने तिच्या भाकरीत जे घातलं, तेच ती त्याच्या पोळीतून काढून घेणार होती. गिरणीवाल्याच्या घरचं पीठ वाईट निघालं, ही गोष्ट वाकडपर्यंत बैलगाडीने जाणार होती, आणि परत येताना कॉलनीतल्या बायकांच्या कानात पोचणार होती. मग बस म्हणावं इंजिनाचा आवाज ऐकत.

सुपारीच्या दिवशी गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमल्या. आत्याबाई पुरणाच्या पातेल्यापाशी बसल्या. मंजुळाबाईने परात पुढ्यात घेतली, शालनबाई डाळ बघायला वळली, आणि ओच्यातली ज्वारी परातीत गेली. दोन ओंजळी. मोजून. मग आणखी दोन, व्याजाच्या.

तिने ती कणीक फार प्रेमाने मळली.

सुभी दारात बसून सागरगोटे खेळत होती. "सुभे, तुला काय देऊ ग?" शालनबाईने विचारलं. "मला नुसतं पुरन, वाटीत," सुभी म्हणाली. "पोळीच्या हातानं नगा देऊ." बायका हसल्या. मंजुळाबाईही हसली आणि कणकेवर ओलं फडकं टाकलं.

पहिली पोळी लाटतानाच फाटली. पहिलीच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दुसरी तव्यावर टाकताना मधोमध उघडली आणि पुरण तव्यावर पसरलं. तिसरी उचलताच तिचे तीन तुकडे झाले. पुरण जळल्याचा वास घरभर झाला. बायका एकमेकींना शिकवायला लागल्या, सैल कर, तेल लाव, हलक्या हाताने लाट. इंदुताईंना कॉलनीतून मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी पदर खोचून दोन लाटल्या, त्यांच्याही दोन्ही फाटल्या, आणि त्या म्हणाल्या, "पीठच असलं आहे. गिरणीतलंच ना हे?"

बाहेर वाकडची मंडळी हातपाय धुऊन पाटावर बसत होती. शालनबाई भिंतीला टेकून खाली बसली. कुसुम नव्या लुगड्यात माजघराच्या दारात उभी होती. तिच्या हनुवटीला कंप सुटला. मंजुळाबाईने तिच्याकडे बघायचं टाळलं. एवढं एकच तिने आधी धरलं नव्हतं, की कुसुमला हनुवटी असेल.

"काय झालं?" दत्तोबा आत आला. त्याने परातीवरचं फडकं काढलं, कणकेचा तुकडा बोटांत धरला, ओढला. तुटला. जिभेवर ठेवला. आयुष्यभर पीठ हाताळलेला माणूस तो, त्याला दोन क्षण पुरले.

"यात ज्वारी हाय," तो म्हणाला.

मंजुळाबाईने हात परातीत झटकले आणि उभी राहिली.

"असंल. दोन-चार ओंजळी असंल. तुमी आमच्या बाजरीत गहू घालता, मला वाटलं रीतच हाय गिरनीची."

दत्तोबाचा चेहरा पिठाशिवायही पांढरा होऊ शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

"वयनी, हळू. पाव्हनं बसल्यात."

"ऐकू द्या की. पत्र्याच्या भोकातनं बगितलंय मी. रोज सांगत हुते तुमाला, गव्हावर न्हाई, पोरीच्या जिवाचा सवाल हाय. 'ध्यानात हाय' म्हनायचा आन् दोन ओंजळी गहू टाकायचा. का? काय वाकडं केलं हुतं माज्या पोरीनं तुमचं?"

"पोरीच्या अंगाला लागावं म्हनून," दत्तोबा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आला की मागच्या बायका पुढे सरकल्या. "तुमी गहू आनायचं कमी केलं. मला वाटलं मारुतरावांच्या नोकरीत काय इस्कोट झालाय, आन् वयनी लाजंपायी डॉक्टरचं नाव पुढं करत्यात. गहू खाऊन कोन मरतंय वयनी? पोर वाळलेली दिसायची. तोंडावर दिला तर तुमी घेतला नसता. म्हनून चोरून टाकायचो, माज्या पोत्यातला. देवाशपथ, पुन्य समजून टाकायचो."

आजवर तिने मनात दत्तोबाच्या तोंडी कितीतरी उत्तरं घालून पाहिली होती, आणि प्रत्येकाला आपलं उत्तर तयार ठेवलं होतं. हे त्यांत नव्हतं. त्यामुळे ती जास्तच चढली.

"पुन्य? इख घातलंत तुमी माज्या पोरीला. रोज, थोडं थोडं. मी तिच्यावर हात उचलला तुमच्यापायी. मायेनं घातलं म्हनून इखाचं पेढं व्हत्यात काय? मायेनं घालनाराला काय फाशी नसती?"

"मंजुळे," आत्याबाई म्हणाल्या.

त्या पुरणाच्या पातेल्यापाशीच बसलेल्या होत्या. डाव हातात होता. दोन महिन्यांत दोघींतलं हे पहिलं बोलणं.

"तुमी मधी बोलू नका," मंजुळाबाई म्हणाली. "आज कुनी बोलू नका."

"चार वरसं न्हाईच बोललो कुनी. मारुती न्हाई, तू न्हाई, मी न्हाई. डॉक्टरनं इचारलं तवाबी न्हाई." आत्याबाईंनी डाव पातेल्यात ठेवला. दारात सुभीचे सागरगोटे थांबले होते. "ज्योतीरामाला शेवटचं वरीसभर गव्हाची लापशी तूच भरवलीस ग. तूप घालून, मांडीवर घिऊन. त्यो नगं म्हनायचा, मान फिरवायचा. त्याचं हात मी धरायची."